तालुक्याच्या कॉलेजात पहिलं वर्ष: विषय घेण्याआधी काय बघायचं, कुणाला काय विचारायचं

मे महिन्यात बारावीचा निकाल लागतो आणि जून उजाडला की आमच्या कॉलेजच्या पोर्चमध्ये प्रवेशाचं टेबल लागतं. त्या टेबलामागे मी बरीच वर्षं बसतोय. समोर येणाऱ्या बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "सर, बी.ए.ला अ‍ॅडमिशन पाहिजे." विषय कोणते घेणार, असं विचारलं की पोरगं बापाकडे बघतं आणि बाप माझ्याकडे. "तुम्हीच लिहा की सर, सोपे कोणते ते."

ते मी लिहू शकतो, पण पुढची तीन वर्षं तुम्हाला काढायची असतात. ज्यांच्या घरात आजवर कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्यांच्यासाठी टेबलाच्या अलीकडून जे दिसतं ते क्रमाने सांगतो. हे महाराष्ट्रातल्या साध्या, विद्यापीठाला संलग्न असलेल्या तालुक्याच्या सिनिअर कॉलेजबद्दल आहे. स्वायत्त कॉलेजांत तपशील बदलतात, सांगाडा साधारण हाच.

पहिली पायरी: कोर्सचं दार कुठून आहे ते बघा

माहितीपुस्तिकेत बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी., बी.सी.ए., बी.बी.ए. असे सगळे कोर्स एकाच पानावर शेजारी शेजारी छापलेले असतात. त्यामुळे सगळ्यांचा फॉर्म एकाच खिडकीवर मिळतो असं वाटतं, पण तसं नसतं.

बी.ए., बी.कॉम. आणि साधी बी.एस्सी. यांचा प्रवेश थेट कॉलेजात, बारावीच्या गुणांवर होतो. बी.बी.ए., बी.सी.ए., बी.एम.एस. हे कोर्स २०२४-२५ पासून एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या कक्षेत गेले आणि त्यांना राज्याची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा आली. ही सीईटी बारावीच्या निकालाच्या आगेमागे होऊन जाते, तिचा फॉर्म तर त्याहून आधी भरायचा असतो. दरवर्षी जूनमध्ये कुणीतरी पेढे घेऊन येतं, "बी.सी.ए.ला घ्या," म्हणतं आणि तेव्हा पहिल्यांदा सीईटीचं नाव ऐकतं. अशा वेळी बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स हा एक रस्ता असतो, मात्र त्याची पात्रता, विशेषतः गणिताची अट, विद्यापीठानुसार वेगळी असते. कुणी "बी.सी.ए.सारखाच दुसरा कोर्स आहे, सीईटी लागत नाही," असं सांगितलं तर एकच विचारा: पदवीच्या प्रमाणपत्रावर नेमकं काय छापून येणार? ते कागदावर बघितल्याशिवाय पैसे भरू नका.

बी.एस्सी. अ‍ॅग्री आणि बी.एस्सी. नर्सिंग यांच्या नावात बी.एस्सी. आहे म्हणून अनेक जण आमच्याकडे येतात. अ‍ॅग्री हे राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांचं काम. त्याचा प्रवेश वेगळा, नर्सिंगचाही वेगळा. आमच्या टेबलावर त्यातलं काही मिळत नाही.

आणखी एक गोष्ट पुस्तिकेत बारीक अक्षरात असते, कधी नसतेही: तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित. लोक 'ग्रँट' आणि 'नॉन-ग्रँट' म्हणतात. एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर बी.एस्सी.ची एक तुकडी ग्रँटची आणि दुसरी नॉन-ग्रँटची असू शकते, आणि फीमध्ये कित्येक पटींचा फरक पडतो. ग्रँटमध्ये जागा शिल्लक आहे का, हे तोंडाने विचारावं लागतं. आपणहून कुणी सांगेलच असं नाही.

दुसरी पायरी: बारावीने काय उघडलं, काय बंद केलं

इथे फार थांबायला नको. बारावी कोणत्याही शाखेतून झाली असली तरी बी.ए.ला येता येतं. कॉमर्सची आणि सायन्सची पोरं बी.ए.ला येतात आणि बरेचदा चांगली चमकतात. उलटं जमत नाही. बी.एस्सी.ला बारावी सायन्सच लागते, आणि त्यातही ग्रुप बघतात. बी ग्रुपवाल्याला, म्हणजे ज्याने गणित सोडून बायोलॉजी ठेवलं त्याला, बी.एस्सी.ला गणित किंवा फिजिक्सची जोडी मिळणं अवघड. बायफोकलला, म्हणजे बारावीच्या व्यावसायिक विषयाला क्रॉप सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स घेतलेल्यांनी आधी कार्यालयात गुणपत्रिका दाखवून कोणते विषय मिळू शकतात ते विचारावं आणि मग फॉर्मला हात घालावा.

तिसरी पायरी: 'विषय' म्हणजे आता काय काय असतं

इथे मात्र बसून वाचा. सगळा गोंधळ इथेच होतो.

तुमच्या घरात किंवा गल्लीत कुणी वीस वर्षांपूर्वी बी.ए. झालेलं असेल तर ते विचारतील, "स्पेशल कोणता घेतलास?" तेव्हा एक विषय स्पेशल आणि बाकीचे जनरल अशी सरळ मांडणी होती. राष्ट्रीय शिक्षण धोरणाची नवी मांडणी राज्यातल्या विद्यापीठ विभागांत आणि स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि आमच्यासारख्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून आली. त्यात स्पेशलच्या जागी 'मेजर' आला, जोडीला 'मायनर' आला आणि त्याभोवती इंग्रजी आद्याक्षरांची रांग लागली. पहिल्या दिवशी फॉर्म बघून पोरं घाबरतात. घाबरू नका, एकेक सोडवू.

सगळ्याचं माप क्रेडिट. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरभरात पंधरा तास शिकवणं. प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे तीस तास. सेमिस्टरला साधारण २२ क्रेडिट, वर्षाला ४४, तीन वर्षांत १३२, चौथं वर्ष केलं तर १७६. दोन क्रेडिटचा पेपर म्हणजे आठवड्याला दोन तास आणि चार क्रेडिटचा म्हणजे चार, एवढं लक्षात ठेवलं तर वेळापत्रक आपोआप समजतं.

मेजर म्हणजे मुख्य विषय, ज्याची पदवी तुम्ही घेणार. मायनर म्हणजे जोडविषय, त्याची क्रेडिटं कमी. हे दोन कधी ठरवायचे याच्या दोन तऱ्हा आहेत. काही विद्यापीठांत पहिल्याच दिवशी मेजर लिहून द्यावा लागतो. काही ठिकाणी पहिल्या वर्षी एकाच शाखेचे तीन विषय सारख्या वजनाने शिकता, दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर होतो, एक मायनर होतो आणि तिसरा सुटतो. तुमच्या कॉलेजात कोणती तऱ्हा आहे हा टेबलावर विचारायचा पहिला प्रश्न. तीन विषयांची तऱ्हा असेल तर चूक सुधारायला एक वर्ष मिळतं. पण तिथेही पहिल्या वर्षी जे तीन घेतले त्यांच्याबाहेरचा विषय दुसऱ्या वर्षी मेजर म्हणून मागता येत नाही. पहिल्या वर्षी इतिहास, मराठी, हिंदी घेऊन दुसऱ्या वर्षी "आता मला भूगोल करायचाय" म्हणणारं एक तरी भेटतंच.

मग 'ओई', म्हणजे ओपन इलेक्टिव्ह. हा दुसऱ्या शाखेचा असावा लागतो. बी.ए.वाल्याने कॉमर्स किंवा सायन्सच्या यादीतला पेपर घ्यायचा, बी.एस्सी.वाल्याने आर्ट्स-कॉमर्समधला. पोरं याला 'उगीचचा पेपर' म्हणतात. माझं मत वेगळं आहे. बी.एस्सी.च्या पोराने बचत-गुंतवणुकीचा, विम्याचा, आयकराचा साधा पेपर घेतला तर तो त्याला घरात पहिल्या महिन्यापासून उपयोगी पडतो. फक्त हा पेपर मित्र कुठे जातोय ते बघून घेऊ नका.

'व्हीएससी' आणि 'एसईसी' हे कौशल्याचे पेपर. पहिला मेजरशी जोडलेला, दुसरा थोडा मोकळा. 'एईसी' म्हणजे भाषा: इंग्रजी आणि एक भारतीय भाषा, आमच्याकडे बहुधा मराठी किंवा हिंदी. 'व्हीईसी' म्हणजे पर्यावरण, संविधान, लोकशाही असं काही. 'आयकेएस' म्हणजे भारतीय ज्ञानप्रणाली. आणि 'सीसी' म्हणजे एनएसएस, एनसीसी, खेळ, योग, सांस्कृतिक. दुसऱ्या वर्षापासून क्षेत्रप्रकल्प आणि समाजातलं काम येतं आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटाकडे 'ओजेटी', म्हणजे एखाद्या ठिकाणी प्रत्यक्ष काम शिकणं.

या सगळ्यात तुमच्या हातात खरी निवड किती? मेजर-मायनर, ओई, एसईसी आणि सीसी, एवढीच. बाकीचं सगळ्यांना सारखंच. त्यामुळे पाच पानांचा फॉर्म बघून दडपून जाऊ नका. डोकं चार ठिकाणी चालवायचंय.

वर्ष अर्धवट सुटलं तर काय, हे आयांकडून फार विचारलं जातं, मुलींच्या बाबतीत जास्त. उत्तर असं: पहिलं वर्ष ४४ क्रेडिटनी पूर्ण करून वर चार क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप केली तर प्रमाणपत्र मिळतं, दुसऱ्या वर्षानंतर त्याच हिशेबाने पदविका, तिसऱ्यानंतर पदवी, चौथ्यानंतर ऑनर्स. मिळवलेली क्रेडिटं बँकेत राहतात आणि ठरावीक मुदतीत परत येऊन पुढे शिकता येतं. सोय चांगली आहे. पण वर्षाच्या प्रमाणपत्रावर बाजारात काय मिळतं, याचा अनुभव अजून कुणाच्याच गाठीला फारसा नाही. तेव्हा "एक वर्ष करू, मग बघू," असं मनाशी ठरवून येऊ नका. अडचण आलीच तर दार उघडं आहे, एवढाच त्याचा अर्थ घ्या.

चौथी पायरी: विभागात जाऊन तीन गोष्टी विचारा

आता जे सांगतो ते पुस्तिकेत छापत नाहीत.

मी स्वतः विद्यार्थी होतो तेव्हा एका कॉलेजच्या पुस्तिकेत मानसशास्त्र बघून प्रवेश घेतला. फी भरली, वही घेतली. दोन आठवडे वर्गाला कुलूप. मग कळलं की विद्यापीठाची विषयाला मान्यता आहे, पण शिकवायला माणूस नाही, आणि नाव दिलेली पोरं आम्ही चौघं. कार्यालयातल्या भाऊसाहेबांनी शांतपणे सांगितलं, "राज्यशास्त्र घे, तिथं जागा आहे." घेतलं. ते आवडलंही, पण ती निवड माझी नव्हती.

तेव्हापासून मला एक कळलं: यादीत असलेला विषय आणि चालू असलेला विषय या दोन निराळ्या गोष्टी आहेत. म्हणून फॉर्म भरण्याआधी अर्धा तास काढा आणि ज्या विषयाकडे ओढा आहे त्या विभागात जा.

तिथे पहिलं विचारायचं: हा विषय इथे तिसऱ्या वर्षापर्यंत आहे का? अनेक छोट्या कॉलेजांत एखादा विषय फक्त मायनरला किंवा पहिल्या दोन वर्षांपुरता असतो. मेजर म्हणून करायचा तर तिसऱ्या वर्षी शहरात जावं लागतं. मग खोली, मेस, प्रवास असा सगळा हिशेब बदलतो.

दुसरं: शिकवायला कोण आहे? पूर्णवेळ प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावरचे, म्हणजे सीएचबीवरचे किती? सीएचबीवरची माणसं वाईट शिकवतात असं अजिबात नाही. नेट-सेट, म्हणजे प्राध्यापक होण्याच्या पात्रता परीक्षा पास झालेली, जीव तोडून शिकवणारी तरुण पोरं त्यात आहेत. पण त्यांची नेमणूक दरवर्षी नव्याने होते आणि ती उशिरा झाली तर पहिले काही आठवडे तुमचे तास कोरडे जातात. एका विभागात सगळेच सीएचबी असतील तर मागच्या वर्षी तास कधी सुरू झाले ते सिनिअर पोरांना विचारा. ती खरं सांगतात.

तिसरं: मागच्या वर्षी तिसऱ्या वर्षाला किती पोरं होती आणि ती आता काय करतात? पुरेसे विद्यार्थी नसले की मेजर चालत नाही आणि तुम्हाला दुसरीकडे ढकललं जातं. आणि ज्या विभागाला आपली जुनी पोरं कुठे आहेत हे सांगता येतं, तिथे कुणीतरी पोरांकडे लक्ष देतंय एवढं नक्की.

एक गोष्ट आमच्याच बाजूची, पण सांगून टाकतो. जूनमध्ये गेटपासून टेबलापर्यंत तुम्हाला दोन-तीन प्राध्यापक भेटतील आणि प्रत्येक जण आपापल्या विषयाचं कौतुक करेल. त्यात प्रेम असतं, खोटं नाही. पण पोरांच्या संख्येवर विषयाचा वर्कलोड ठरतो आणि वर्कलोडवर आमच्या जागा. म्हणून ऐकून घ्या, नमस्कार करा आणि निर्णय घरी जाऊन घ्या. फॉर्म त्याच दिवशी भरायलाच पाहिजे असं सहसा नसतं. मुदत काय आहे तेवढी लिहून घ्या.

पाचवी पायरी: कोणता विषय कुणासाठी

सगळ्या विषयांबद्दल लिहायला जागा नाही. ज्यांच्याबद्दल गैरसमज फार, त्यांच्याबद्दल लिहितो.

भूगोल आर्ट्समध्ये असला तरी त्याला प्रॅक्टिकल असतं. टोपोशीट वाचणं, नकाशे काढणं, सर्वेक्षण, आकडेवारीचे आलेख आणि आता जीआयएस, म्हणजे संगणकावरचे नकाशेही. वहीत पेन्सिलीने सुबक काम करायला आवडणाऱ्यांना हा विषय पकडतो. फक्त पाठांतरावर पास होऊ म्हणणाऱ्यांना तो जड जातो. अभ्याससहल असते आणि तिचा खर्च वेगळा, हे घरी आधीच सांगून ठेवा.

इतिहास आणि राज्यशास्त्राकडे एमपीएससीच्या ओढीने गर्दी होते. त्यात चूक काही नाही. पण स्पर्धा परीक्षेला कोणतीही पदवी चालते, बी.एस्सी.ही चालते. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आणि तिच्यात वैकल्पिक विषय आला. त्यामुळे पदवीला जो विषय मनापासून केला तो पुढे कामाला येण्याची शक्यता वाढली आहे. सोपा म्हणून घेतलेला विषय तिथे उघडा पडतो. सलग पाच पानं मराठीत मुद्देसूद लिहिण्याची सवय मात्र पहिल्या वर्षापासून लावा, मग विषय कोणताही असो.

मराठी हा मेजर घेणाऱ्याला गावात अजून ऐकावं लागतं, "मराठी काय शिकायची?" ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पण त्या दर्जाने आपोआप नोकरी येत नाही. मुद्रितशोधन, अनुवाद, बातमी लिहिणं, ध्वनिमुद्रित पुस्तकांसाठी वाचन, ही कामं शिकवणारा व्हीएससी पेपर तुमच्या विभागात आहे का ते बघा. असेल तर मराठी घ्यायला डगमगू नका. नसेल आणि वाचनाची आवडही नसेल, तर केवळ "आपली भाषा आहे, जमेल," म्हणून घेऊ नका. व्याकरण आणि भाषाविज्ञानाचे पेपर फसवतात.

अर्थशास्त्राला लोक गणिताच्या भीतीने टाळतात. पदवीच्या पातळीवर लागणारं गणित दहावीपर्यंतच्या गणितापेक्षा फार पुढचं नसतं. आलेख वाचता आला पाहिजे, एवढंच.

सायन्सच्या बाजूला केमिस्ट्रीला मोठी मागणी, कारण जवळपास एमआयडीसी असेल तर क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये पोरं लागतात. पुढे एम.एस्सी.ला सगळ्यांनाच ऑरगॅनिक हवं असतं आणि जागा मोजक्या असतात. म्हणून पहिल्या वर्षापासून सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमिस्टरची मिळून गुणांची सरासरी सांभाळा. मायक्रोबायोलॉजीचा उपयोग डेअरी, साखर कारखाना, औषध कंपनी यांच्या प्रयोगशाळांत होतो. पण बी.एस्सी. मायक्रो झालं की रक्त-लघवी तपासायची लॅब टाकता येते हा समज काढून टाका, त्या कामाचं शिक्षण वेगळं असतं. बॉटनी-झूलॉजीला 'मेडिकल न मिळालेल्यांचे विषय' म्हणून हिणवतात. मला ते पटत नाही. रोपवाटिका, माती परीक्षण, रेशीम, मधमाश्या, मत्स्यपालन यांचे छोटे कौशल्य कोर्स याच विभागांत चालतात, आणि घरी चार एकर शेती असलेल्या पोराला ते शहरातल्या महागड्या डिप्लोम्यापेक्षा जास्त देऊन जातात.

कॉमर्सबद्दल एकच सांगतो. टॅली आणि जीएसटी शिकायची सोय कॉलेजात एसईसीमध्ये असेल तर बाहेर क्लासला पैसे घालू नका. आणि आपल्याकडे पतसंस्था, सोसायट्या, दूध संघ गावोगावी आहेत. पदवीनंतर जी.डी.सी. अँड ए. ही सहकार खात्याची परीक्षा देऊन सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाकडे वळता येतं. कॉमर्सच्या पोरांना सी.ए. माहीत असतं, हे बहुतेकांना माहीत नसतं.

शिक्षक व्हायचं असेल तर विषय निवडतानाच पुढचा विचार करा. बी.एड.ला सीईटी आहे, खुल्या प्रवर्गाला पदवीला किमान ५० टक्के लागतात आणि तुम्ही शाळेत काय शिकवणार हे तुमच्या पदवीच्या विषयावर ठरतं. शाळेच्या वेळापत्रकात ज्या विषयाला तासच नाहीत, तो मेजर घेऊन माध्यमिक शिक्षक व्हायला अडचण येते.

सहावी पायरी: कागद

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला (मूळ प्रत, कारण तो कॉलेज ठेवून घेतं), आधार कार्ड, फोटो. आरक्षणातून प्रवेश किंवा सवलत हवी असेल तर जातीचा दाखला, ओबीसी वगैरेंना नॉन-क्रीमिलेअर, आणि उत्पन्नाचा दाखला. व्यावसायिक कोर्सला जात वैधता प्रमाणपत्रही लागतं. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. सीबीएसई किंवा परराज्यातून आला असाल तर मायग्रेशन. कर्नाटक-तेलंगणाच्या सीमेवरच्या तालुक्यांत हे नेहमीचं, आणि नेहमीच विसरलं जातं.

शाळेचा दाखला कॉलेजात देण्याआधी त्याच्या चार-पाच झेरॉक्स काढून साक्षांकित करून ठेवा. आणि दाखल्यावरचं नाव, गुणपत्रिकेवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते आज बघा. आडनावात एक वेलांटी इकडची तिकडे झाली तर शिष्यवृत्तीचे पैसे अडकतात.

उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रात किंवा 'आपले सरकार'वर मिळतो. जूनमध्ये तिथे झुंबड असते, म्हणून निकालाची वाट न बघता मे महिन्यातच अर्ज टाका.

याशिवाय डिजिलॉकरवर खातं काढून एबीसी, म्हणजे अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा नंबर काढून घ्या. मघाशी क्रेडिटं बँकेत राहतात म्हटलं, ती ही बँक. फोनवर दहा मिनिटांत होतं, मात्र आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू पाहिजे. तो नंबर मुंबईला कामाला गेलेल्या काकांचा निघतो आणि ओटीपीसाठी आख्खं घर फोनाफोनी करत बसतं, हे दृश्य आम्ही दर जूनला बघतो.

सातवी पायरी: पैसे

शिष्यवृत्तीचे बहुतेक अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतात. अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, भटके-विमुक्त, अल्पसंख्याक यांच्या योजना वेगळ्या. खुल्या प्रवर्गातल्या आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. प्रत्येक योजनेची उत्पन्नाची मर्यादा निराळी, म्हणून शेजारच्याला मिळाली नाही म्हणून आपल्याला मिळणार नाही असं धरू नका. पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात. खातं विद्यार्थ्याच्या नावावर हवं आणि आधार 'लिंक' आहे म्हणजे सीडिंग झालंय का, हे बँकेत जाऊन विचारावं लागतं. अर्ज दरवर्षी पुन्हा करायचा असतो. दुसऱ्या वर्षी विसरणारे खूप.

"मुलींना आता सगळं शिक्षण फुकट आहे ना?" हे २०२४ पासून रोज ऐकतो. तो निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे: आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ. साध्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला तो जसाच्या तसा लागू होतो असं गृहीत धरून येऊ नका. तुम्हाला कोणती सवलत बसते ते शिष्यवृत्तीच्या खिडकीवर वेगळं विचारा.

'कमवा आणि शिका' योजना कॉलेजात आहे का, हेही विचारा. ही परंपरा कर्मवीर भाऊराव पाटलांची. साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ ला सुरू झालं तेच श्रम करून शिकण्याच्या तत्त्वावर. आज ग्रंथालयात पुस्तकं लावणं, बागकाम, कार्यालयात मदत अशी तासांवर कामं मिळतात. पैसा थोडा असतो, पण एसटीचा पास आणि वह्या निघतात. ते काम करायला लाजणारी पोरं मी पाहिलीत, आणि ग्रंथालयात काम करता करता कपाटंच्या कपाटं वाचून काढणारीही.

आठवी पायरी: प्रवेश झाला, आता पहिला महिना

विद्यापीठ तुम्हाला पीआरएन नावाचा कायमचा नंबर देतं. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहा. परीक्षेचा फॉर्म, निकाल, शिष्यवृत्ती, सगळीकडे तो लागतो.

विषय बदलायला थोडे दिवस मिळतात. ती तारीख नोटीस बोर्डावर लागते, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येईलच असं नाही. पहिले दोन आठवडे प्रत्येक तासाला बसा, न आवडणाऱ्यालाही. विषय आवडत नाही की फक्त पहिला धडा कंटाळवाणा आहे, हे कळायला तेवढे दिवस लागतात. बदलायचाच असेल तर अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगून तुम्ही नव्या वर्गात बसता, हजेरी जुन्या वर्गात लागत नाही, आणि परीक्षेच्या हॉलतिकिटावर जुनाच विषय येतो. मग ऑक्टोबरमध्ये माझ्या टेबलासमोर पुन्हा तुम्हीच.

अंतर्गत गुणांना हलक्यात घेऊ नका. बाहेरचा पेपर आणि अंतर्गत यांचं प्रमाण विद्यापीठानुसार बदलतं, पण टेस्ट, गृहपाठ, सेमिनार यांवर मिळणारे गुण हे हातातले गुण असतात. मजुरीला किंवा शेतात जावं लागतं म्हणून टेस्ट बुडत असेल तर आधी शिक्षकाला सांगा. नंतर सांगितलं तर ते कारण ठरतं, आधी सांगितलं तर बहुतेक वेळा मार्ग निघतो. एखाद्या पेपरात राहिलात तर एटीकेटी, म्हणजे तो पेपर मागे ठेवून पुढच्या वर्गात जायची सोय आहे, वर्ष लगेच जात नाही, पण किती पेपरांपर्यंत चालतं तो नियम वाचून ठेवा.

एनएसएसला दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर असतं. एनसीसीचं 'बी' आणि 'सी' सर्टिफिकेट भरतीला कामी येतं, पण त्याची निवड चाचणी सत्राच्या सुरुवातीलाच होते, जागा थोड्या आणि धावावं लागतं. म्हणून पळायची तयारी मेपासूनच. मुलींच्या जागा असतात, विचारा.

ज्यांना घरच्या अडचणीने रोज येणं शक्यच नाही त्यांनी नियमित प्रवेश घेऊन गैरहजर राहण्यापेक्षा यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं जवळचं अभ्यासकेंद्र गाठावं. हे विद्यापीठ १९८९ पासून नाशिकहून चालतं आणि त्याची पदवी रीतसर पदवी आहे. आणि ज्यांना दम आहे त्यांच्यासाठी: २०२२ पासून यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एकाच वेळी दोन पदव्या करायला मुभा दिली आहे, एक नियमित आणि एक दूरस्थ. पहिल्याच वर्षी हा उद्योग करू नका, आधी एकीचं बस्तान बसू द्या.

टेबलाकडे याल तेव्हा पोरासोबत बापाने, आईने जरूर यावं. फक्त विषय विचारल्यावर उत्तर पोराने द्यावं. मागच्या जूनमध्ये एक मामा आले होते, भाचीला घेऊन. मी म्हटलं, "काय घ्यायचं ठरलं, मामा?" ते म्हणाले, "मला नका विचारू, मी नुसता गाडी घेऊन आलोय." भाचीने पिशवीतून वही काढली. तिच्यात भूगोल आणि अर्थशास्त्राच्या विभागांत जाऊन विचारलेली उत्तरं लिहिलेली होती, कुणी सांगितलं त्याच्या नावासकट. तिचा फॉर्म चार मिनिटांत झाला.